पाच मीटरांचे अंतर

माझ्या कोटाच्या खिशातून बडीशेपेचे चार दाणे निघाले आणि आमचे चिरंजीव ओशाळले. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी प्रत्येकाचे खिसे, पिशव्या आणि बुटांचे तळ तपासायचे, असा त्या बोटीवरचा कडक शिरस्ता. न जाणो, एखादे परके बी तिकडे जायचे आणि रुजायचे! बोटीवरची एक तरुण मुलगी धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी माझ्या खिशात घालून उभी होती. "काय हो बाबा!" मुलगा म्हणाला. "अरे, जेवणानंतरची आहे," मी म्हणालो. पण अपराध व्हायचा तो झालाच होता.

ही गोष्ट २०२४ च्या फेब्रुवारीतली. मी सत्तरीचा, तो पंचेचाळिशीचा. ही गेल्यापासून मी पुण्यात एकटा आणि तो टोरांटोत. त्याचे पत्र आले, "बाबा, चला." नाही म्हणायला कारण सुचले नाही, म्हणून मी गेलो. दक्षिण अमेरिकेच्या शेवटाला उश्वाया नावाचे गाव आहे. तेथून आमची बोट निघाली. शंभरेक उतारूंची लहानशी बोट. तिकडे लहान बोटीलाच मान. पाचशेहून अधिक उतारू असलेल्या जहाजाला माणसे किनाऱ्यावर उतरवता येत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक माणसे उतरत नाहीत.

ड्रेकचा समुद्र ओलांडायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी खोलीतून हललो नाही. पंचवीस वर्षांनी आम्ही बापलेक एका खोलीत निजत होतो. त्याने मला गोळ्या दिल्या, भांडे धरले, तोंड पुसले. सारे काही न बोलता. समुद्र शांत असता, तर आम्हाला बोलायला काही विषय सुचला असता असे मात्र नाही.

न बोलण्याचे कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होते. लहानपणी त्याला पक्ष्यांचे वेड. रोज सकाळी टेकडीवर जायचे आणि दिसेल ते वहीत टिपायचे. अशा सात वह्या झाल्या होत्या. बारावीच्या वर्षी, त्याच्या अभ्यासाच्या काळजीने म्हणा की माझ्या तापटपणाने म्हणा, मी त्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. तो रडला नाही, भांडला नाही. पुढे उत्तम इंजिनिअर झाला. त्या वह्यांचा शब्द पुन्हा आमच्या घरात कधी निघाला नाही.

पहिल्यांदा उतरलो ते डिसेप्शन बेटावर. हे बेट म्हणजे पाण्यात बुडालेला ज्वालामुखीच. कड्यांमधल्या अरुंद वाटेने बोट त्याच्या पोटात शिरते. आत काळी वाळू, तिच्यातून निघणारी वाफ, आणि गंजून लाल झालेल्या प्रचंड टाक्या. १९१२ ते १९३१ या काळात येथे देवमाशांची चरबी कढवण्याचा कारखाना होता. वाळूत त्यांची हाडे अजून पडलेली आहेत. टाक्यांच्या आसऱ्याला सील माशा हाकलत बसलेल्या म्हशींसारखे सुस्त पहुडले होते. १८१९ मध्ये ही बेटे माणसाला सापडली आणि पुढच्या थोड्या वर्षांतच येथल्या केसाळ सीलांचा कातड्यांसाठी जवळजवळ निर्वंश झाला. ते मरायला फार सोपे होते म्हणतात. जमिनीवर त्यांना शत्रूच ठाऊक नव्हता. माणूस आला तरी ते पळत नसत.

दुसऱ्या दिवशी नेको बंदर. नावाला बंदर, धक्का नाही, वस्ती नाही. समोर हिमनदीचा निळसर कडा, मधूनच तोफ उडावी तसा आवाज करून तो ढासळतो. देवमासे मारणाऱ्या एका जहाजाचे नाव या जागेला पडले आहे, आणि राज्य मात्र जेन्टू पेंग्विनांचे. लालसर चोच, डोक्यावरून पांढरा पट्टा, जणू कान बांधून फिरायला निघालेले पेन्शनरच. वाटाड्याने नियम सांगितला: पक्ष्यापासून पाच मीटर दूर राहायचे, तो आपण होऊन जवळ आला, तर आपण मागे सरायचे. पक्ष्यांच्या रोगाची साथ होती, म्हणून खाली बसायलाही बंदी.

पिले मोठी झाली होती. आई किंवा बाप समुद्रातून पोट भरून आला की दोन्ही पिले त्याच्या मागे लागत. तो पळे, धडपडे, पुन्हा पळे. जे पिलू चिवटपणे पाठ सोडीत नसे त्याला घास मिळे. मी हसलो. मग हसू आपोआप विरले. आमच्या घरात पळणारा मी होतो, आणि माझ्या मुलाने फार लवकर पाठलाग सोडून दिला होता.

एक पिलू थेट माझ्याकडे चालत आले. मी नियमाप्रमाणे मागे सरलो. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. मनात आले, याने आम्हाला क्षमा केली की काय? छे! त्याला काही ठाऊकच नाही. ज्याला ठाऊक नाही तो क्षमा कशाची करणार? आणि ज्याला सारे ठाऊक आहे, तो जवळ का येईल?

याचे उत्तर विल्हेल्मिना उपसागरात मिळाले, की मला तसे वाटले, कोण जाणे. आम्ही दहा जण रबरी होडीत होतो. इंजिन निकामी चालत होते. एवढ्यात दहा हातांवर पाणी फुटले आणि हंपबॅक जातीच्या देवमाशाने श्वास सोडला. सुकवलेल्या जवळ्याचा वास आला! ते खातात तो क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा भाऊबंदच की. होडीहून लांब असे ते धूड आमच्या खालून, कुणालाही धक्का न लावता, पलीकडे गेले आणि कुशीवर वळले. क्षणभर पाण्यातून त्याचा डोळा दिसला.

हा देवमासा ऐंशी वर्षेही जगू शकतो. दक्षिण गोलार्धात त्याच्या शिकारीवर बंदी आली १९६३ मध्ये. मी तेव्हा नऊ वर्षांचा. म्हणजे हा माझ्याच वयाचा असला, तर इंजिनाच्या आवाजाचा अर्थ त्याला पक्का ठाऊक असणार. इथे मागे सरायला जागा नव्हती. पाच मीटरांचा नियम त्यानेच मोडला होता.

"बाबा," मुलगा कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला, "माझ्या डाव्या खिशात वही आहे. हात गारठलेत. तेवढं टिपता का?"

मी वही काढली. काळ्या पुठ्ठ्याची, अगदी तसलीच. पहिल्या पानावर कोपऱ्यात आकडा होता: आठ.

"काय लिहू?" मी विचारले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तारीख घाला. मग वेळ. मग... हंपबॅक, एक."

तेवढ्यात पलीकडे दुसरी पाठ वर आली. मी एक खोडून दोन केले. अक्षर फार थरथरीत आले आहे. पण त्याने ते पान फाडले नाही.