सुटलेला ठोका

गेल्या चवथीला माझ्या चुलतभावाने त्याची चौदा फुटी फायबरची होडी बाबांना देऊन टाकली. तो नोकरीसाठी बाहेर निघाला होता आणि होडी अंगणात पालापाचोळा साठवत पडली होती. बाबांचे वय अडुसष्ट. कामुर्लीच्या घरासमोरून शापोरा नदी वाहते, आणि निवृत्तीनंतर त्यांची एकच इच्छा उरली आहे : सकाळी गळ टाकून बसायचे. पण गुडघे आणि खांदे आता वल्ह्यांना साथ देत नाहीत. होडीला मशीन हवी होती. नव्या आउटबोर्ड मोटरची किंमत ऐकून आईने "मासे बाजारात मिळतात," एवढेच सांगितले. म्हणून आम्ही जुनी शोधायला लागलो.

घरात बी.ई. मी असलो तरी खरा इंजिनीअर बाबाच. पस्तीस वर्षे त्यांनी मच्छीमार बोटींची डिझेल इंजिने दुरुस्त केली. लहानपणी मी त्यांच्यासोबत जेटीवर जायचो तेव्हा ते बोटीवर चढायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून, "नोझल गेला" किंवा "बेअरिंग बोलतंय" असे सांगायचे. ते क्वचितच चुकायचे.

अलीकडे मात्र टीव्हीचा आवाज शेजारच्या घरात पोहोचू लागला होता. आईने हाक मारली तर ओ यायला तीन हाका लागायच्या. कान तपासून घेऊया असे मी दोनदा सुचवले. दोन्ही वेळा उत्तर एकच, "तुम्हीच सगळे पुटपुटत बोलता." तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीनंतर शिवोलीला एका काकांकडे दहा हॉर्सपॉवरच्या आसपासची जॉन्सन मोटर विकायची आहे असे कळले. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. सांगितलेली किंमत पंचेचाळीस हजार. मी फोनवर एकच विनंती केली, "काका, आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका." जुने इंजिन घेताना हे पहिले पथ्य. आधीच गरम केलेले इंजिन एका ओढीत चालू होते. थंड इंजिन चालू व्हायला किती ओढी लागतात, त्यावरून बरेच काही कळते.

जायच्या आधी मी मोबाइलवर तेवीस मुद्द्यांची यादी केली होती. बाबा ती बघून हसले. "तुझी यादी तुझ्याकडे ठेव. माझे कान आहेत."

आम्ही पोहोचलो तेव्हा मशीन लाकडी घोडीवर टांगलेली होती. मी आधी हात लावून पाहिला. थंड होती. मग ब्रॅकेटवरची पट्टी पुसून मॉडेल नंबर वाचला. या कंपनीने १९८० पासून वर्ष लिहिण्याची एक गमतीदार पद्धत ठेवली होती. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दात दहा अक्षरे आहेत आणि एकही परत येत नाही. पहिले अक्षर आय म्हणजे १, एन म्हणजे २, असे करत ई म्हणजे ९ आणि शेवटचे एस म्हणजे ०. आमच्या पट्टीवर वर्षाच्या जागी 'सीसी' होते. सी आठवे अक्षर, म्हणजे ८८. मशीन १९८८ ची, माझ्याच वयाची. बाबांना सांगितले तर म्हणाले, "मग तुझ्यापेक्षा जास्त कष्ट केलेत तिने."

यात एक काळजीचीही गोष्ट होती. ही मोटर बनवणाऱ्या मूळ अमेरिकन कंपनीने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यामुळे सुटे भाग आता बहुतेक इतर कंपन्यांनी बनवलेले घ्यावे लागतात. आमच्या धंद्यात अशा सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी आम्ही दहादा विचार करतो.

मग यादी सुरू झाली. शाफ्टची लांबी मोजली : पंधरा इंच, म्हणजे शॉर्ट शाफ्ट. आमच्या होडीच्या मागच्या फळीला तीच लागते. वीस इंची असती तर तिथेच परत फिरायचे होते. झाकण काढून सिलिंडर हेडवरचा रंग पाहिला. इंजिन कधी फार तापले असेल तर तिथला रंग फुगतो, करपतो. इथे तसे काही नव्हते. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू ढिला करून चार थेंब तेल बोटावर घेतले. तेल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर सील गळून आत पाणी शिरले असे समजायचे. आमचे काळपट होते पण स्वच्छ. पंखा काढून पाहिला तर शाफ्टवर मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे वेटोळे निघाले. हाच दोरा हळूहळू सील कापतो. वेळेवर सापडला.

दोन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडला आणि काँप्रेशन गेज लावून दोरी चार-पाच वेळा ओढली. वरचा सिलिंडर १०५, खालचा १००. दोघांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला की मन शांत होते. बाबांनी मान डोलावली. यादीवर हसणारा माणूस आता तोंडात बोट घालून आकडे बघत होता.

शेवटी मशीन पाण्याने भरलेल्या पिंपात उतरवली. पाण्याशिवाय आउटबोर्ड अर्धा मिनिटही चालवू नये. पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरला की जळतो. पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिली टू-स्ट्रोक ऑइल घातले. चौथ्या ओढीला मशीन उठली. मागच्या छिद्रातून पाण्याची धार आली, म्हणजे पंप ठीक. काकांचा चेहरा खुलला. बाबा कान देऊन उभे राहिले, अगदी जुन्या दिवसांसारखे.

पाच मिनिटे सगळे छान चालले. इंजिन गरम झाल्यावर मात्र मला काहीतरी खटकले. एकसारख्या लयीत मध्येच एक ठोका गळत होता. आधी वाटले भास असेल. पुन्हा ऐकले. पुन्हा गळला.

मी बाबांकडे पाहिले. ते हसत होते. "सोन्यासारखी आहे. घे," असे म्हणून त्यांनी विसाराचे पैसे काढायला खिशात हात घातला.

त्या क्षणी मला मशीनपेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटली. गप्प बसलो असतो तर चार पैसे जास्त गेले असते आणि त्यांचा मान राहिला असता. पण ही मशीन घेऊन तेच एकटे नदीत जाणार होते. ओहोटीला नदीच्या मुखाकडे ओढ किती असते हे शिवोलीत कोणीही सांगेल. तिथे एका सिलिंडरवर अडकलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला.

'तुम्हाला ऐकू येत नाहीये' असे काकांसमोर म्हणणे शक्य नव्हते. मी झाकण बसवले आणि म्हणालो, "बाबा, जरा हात लावून बघा ना."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. मग तळवा झाकणावर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू ओसरताना मला दिसले.

"सुटतोय," ते म्हणाले. "एक सुटतोय."

पुढची सूत्रे त्यांनीच हातात घेतली. मशीन बंद करायला लावली. वरच्या प्लगची वायर काढून बॉडीला पक्की टेकवली. ती हवेत लोंबकळत ठेवायची नाही, नाहीतर इग्निशनचा पॉवर पॅक जळू शकतो. परत चालू केली : आवाज तसाच. मग वरची वायर जोडली आणि खालची काढली. आता मशीन उठेचना. म्हणजे गरम झाल्यावर वरचा सिलिंडर झोपत होता. त्याचा प्लग काढला तर काळा आणि ओला. काँप्रेशन चांगले, दोघांना कार्ब्युरेटर एकच, प्लग बदलूनही फरक नाही. "कॉइल बघ," बाबा म्हणाले. कॉइलच्या आवरणाला केसाएवढी चीर होती.

काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मुलगा म्हणायचा, तापली की अडखळते. मला वाटलं पेट्रोल खराब असेल," ते म्हणाले. छत्तीस हजारांत सौदा ठरला. सीरियल नंबर घालून कागदावर पावती लिहून घेतली.

परतताना बाबा गाडीत गप्प होते. कामुर्लीच्या वळणावर त्यांनी विचारले, "पहिल्यापासून सुटत होता?"

"नाही. गरम झाल्यावर."

"मी हात लावायच्या आधी किती वेळ?"

खोटे बोलावेसे वाटले. "दोन-तीन मिनिटं असतील."

ते बाहेर बघत राहिले. घराच्या फाटकाशी मी गाडी थांबवली, तरी ते उतरले नाहीत. "म्हापशाचा तो कानाचा डॉक्टर शनिवारी बसतो का?"

शनिवारी बसतो. तपासणीत दोन्ही कानांची बारीक, उंच आवाज ऐकण्याची ताकद बरीच गेल्याचे निघाले. इंजिनांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांचे असेच होते, असे डॉक्टर म्हणाले. आता बाबांच्या कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या आवाजाला ते दचकले. आईला मात्र आता एकाच हाकेत ओ मिळते.

नवी कॉइल बसवून मशीनला तीन महिने झाले. होडीत बसताना बाबा कानातले यंत्र काढून डबीत ठेवतात, पाणी उडते म्हणून. मी सुकाणू धरतो. ते मागे वाकून झाकणावर तळवा ठेवतात आणि मोठ्याने विचारतात, "पाण्याची धार येते का बघ. आणि ऐक नीट, सुटत नाही ना?"

मी ऐकतो आणि मान हलवून नाही म्हणतो.