घाटात कोण जिंकेल? सांगा पाहू!

मित्रांनो, क्रिकेटचा सामना असला की आदल्या दिवसापासून तुमच्या वर्गात वादावादी सुरू होते. आज कोण जिंकणार, नाणेफेक जिंकली तर काय करावं, खेळपट्टी कशी आहे! पण सायकलच्या शर्यतीबद्दल असा वाद घातलाय कधी? तुम्ही म्हणाल, "त्यात काय वाद घालायचा? जो जोरात पायडल मारेल, तो जिंकेल!"

सपाट मैदानावर एक फेरी मारायची असेल, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण रस्त्यात घाट आला, की सगळं गणित बदलतं. मग नुसता जोर पुरत नाही. कुठे जोर लावायचा, कुठे राखून ठेवायचा आणि कुणाच्या सोबतीनं जायचं, हे ठरवावं लागतं. आणि हे सगळं आधी ओळखता आलं, तर शर्यत बघण्याची मजा दुप्पट होते. मला हा नाद लहानपणी जालन्यात लागला. आज तो तुम्हालाही लावावा म्हणतो.

आधी आपल्या महाराष्ट्रातली सर्वांत नावाजलेली शर्यत घेऊ या. मुंबई–पुणे सायकल शर्यत! चेंबूरकडून निघायचं, पनवेलमार्गे खोपोलीला यायचं, मग जुन्या महामार्गानं बोरघाट चढून खंडाळा, लोणावळा आणि तिथून पुणे. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण साठ मीटर उंचीवर आहे. खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे मधल्या काही किलोमीटरांत जवळजवळ ५०० मीटर वर चढायचं. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ज्या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ. तिथला चढ असा आहे, की रिकामा ट्रकसुद्धा कण्हत कण्हत वर जातो. हा घाट जो सर्वांत आधी चढतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात.

आता तुम्हाला एक प्रश्न. घाटाचा राजा पुण्यालाही पहिला येईल का?

लगेच 'हो' म्हणू नका. जरा विचार करू या.

चढावर काय होतं? सायकलस्वाराला स्वतःला आणि सायकलला उचलून वर न्यावं लागतं. समजा, एकाचं सायकलसकट वजन ७० किलो आहे आणि दुसऱ्याचं ७७. दोघांच्या पायांत ताकद सारखीच. तर पहिल्याला जो घाट चढायला ४० मिनिटं लागतील, त्यालाच दुसऱ्याला साधारण ४४ मिनिटं लागणार. वजन दहा टक्के जास्त, म्हणून वेळही तितकाच जास्त! म्हणूनच घाटात काटकुळी पोरं पुढे सरकतात आणि दणकट गडी मागे राहतात.

पण घाट संपला की काटकुळ्या पोराची सद्दी संपली. आता त्याचा शत्रू असतो वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरनं जाताना हवा जेवढी अडवते, त्याच्या सात पट ती ताशी ४० किलोमीटरला अडवते. अशा वेळी जो दुसऱ्याच्या मागे चिकटून जातो, त्याची ताकद चांगलीच वाचते. पाव हिस्सा तरी सहज, कधी त्याहूनही जास्त. म्हणून सपाटीवर स्वार थव्यानं जातात आणि आळीपाळीनं पुढे येऊन वारा झेलतात. रानातून परतणाऱ्या बगळ्यांची रांग बघितली आहे ना? त्यांचंही असंच असतं. चढावर मात्र वेग कमी, त्यामुळे मागे लपण्याचा फायदाही कमी. तिथे ज्याचं त्यानं निस्तरायचं.

आता लोणावळ्यापासून पुणं किती? साधारण ६५ किलोमीटर. रस्ता बराचसा सपाट आणि थोडा उताराचा. म्हणजे घाटाचा राजा एकटा पुढे, एकटाच वारा खातोय. मागे वीस-पंचवीस जणांचा थवा वारा वाटून खातोय. कोण कुणाला गाठेल?

फ्रान्समध्ये रोबेर शापात नावाचे एक समालोचक होते. ते स्वतःही आधी सायकलस्वार होते. त्यांचा एक ठोकताळा शर्यतींच्या जगात प्रसिद्ध आहे : एकटा पुढे गेलेला स्वार टिकायचा असेल, तर उरलेल्या दर १० किलोमीटरमागे त्याच्याकडे एक मिनिटाची आघाडी हवी. हे मोजमाप लोणावळ्याला लावून बघा. ६५ किलोमीटर उरले, म्हणजे साडेसहा मिनिटांची आघाडी पाहिजे. एका घाटात एवढी आघाडी मिळवणं महाकठीण! तेव्हा आपलं भाकीत असं, की घाटाचा राजा एकटाच असेल, तर पुण्याच्या आधी त्याला गाठतील. पण त्याला दोन-तीन चांगले साथीदार मिळाले, तर गंमत होऊ शकते.

हाच घाट पुण्याच्या वेशीवर असता तर? तर सगळे भाकीत उलटं करावं लागलं असतं. चढ किती मोठा आहे, याच्याइतकंच तो कुठे आहे, हेही महत्त्वाचं.

मला हे सगळं पुस्तकातून नाही कळलं. आमच्या जालना जिल्ह्यात घाट म्हणावेत असे रस्ते थोडेच. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा लागतात, बाकी सारा काळ्या मातीचा पठारी मुलूख. पण जालन्याहून साधारण पंचवीस किलोमीटरवर राजूर आहे. तिथल्या गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे. १९९५ साली गणपतीच्या दिवसांत एका तरुण मंडळानं जालना ते राजूर आणि परत अशी सायकल शर्यत ठेवली. पहिलं बक्षीस नवी कोरी सायकल. दुसरं २५१ रुपये. आणि राजूरच्या टेकडीपाशी जो पहिला पोहोचेल त्याला मनगटी घड्याळ. गिअरची सायकल चालणार नाही, साध्या काळ्या सायकलीच हव्यात, अशी अट होती.

माझा मावसभाऊ शर्यतीत उतरला. तो अकरावीत होता, मी आठवीत. त्याला मी दादा म्हणायचो. दादाला घड्याळ नको होतं, सायकल हवी होती. घरात एकच सायकल होती आणि त्याची बहीण सातवी पास होऊन हायस्कुलात गेली होती. शाळा सहा किलोमीटरवर. दादा तिला रोज डबलसीट नेऊन सोडायचा आणि मग आपल्या कॉलेजला जायचा. कॉलेजचा पहिला तास त्याला कधीच मिळायचा नाही. मावशी म्हणायची, "सायकल नाही झाली, तर पोरीची शाळा दिवाळीनंतर बंद करावी लागंल." म्हणजे बघा, शर्यत आमच्यासाठी नुसती गंमत नव्हती.

आदल्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. दादानं रस्ता काढला. जाताना वारा पाठीमागून, कारण पावसाळ्यात आमच्याकडे तो नैर्ऋत्येकडून येतो. येताना तोच वारा तोंडावर. टेकडी बरोबर मध्यावर. "टेकडीवर एकटा सुटलो, तर पंचवीस किलोमीटर एकट्यानंच वारा खायचा. मेलोच की मी!" दादा म्हणाला. मी विचारलं, "मग थव्यातच राहायचं का?" तो म्हणाला, "थव्यात राहिलो तर शेवटी ते दांडगे पैलवान मला मागं टाकतील. कुणीतरी एक सोबती पाहिजे रे. ज्याला घड्याळ पाहिजे असा."

मी वहीत तीन गोष्टी लिहिल्या. एक, टेकडीवर भोकरदनकडचा एक हलका पोरगा पुढे जाईल, कारण तो रोज डोंगरातून दूध घेऊन येतो. दोन, मागचा थवा लवकर पाठलाग करणार नाही, कारण त्यात नऊ गावांची नऊ पोरं असतील आणि प्रत्येक जण दुसऱ्याला 'तू पुढे हो' म्हणेल. तीन, दोघं सुटले तर पहिला त्या दोघांतलाच. कोण, ती जागा मी कोरीच ठेवली. दोघांचं पारडं सारखं होतं. दादा जड होता खरा, पण बहिणीला मागे बसवून रोज सहा किलोमीटर ओढायचा. तशी मेहनत बाकी कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी दादानं त्या पोराला गाठलं आणि म्हणाला, "घड्याळ तू घे, मी आडवा येत नाही. पण परतताना जालन्यापर्यंत दोघं मिळून वारा वाटून घेऊ." पोरानं मान हलवली.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "ही तर लबाडी झाली!" नाही हं. पैसे घेऊन हरणं ही लबाडी. पण दोन प्रतिस्पर्ध्यांनी वाऱ्याचं ओझं वाटून घेणं, हे सायकल शर्यतीत राजरोस चालतं. जगातल्या मोठमोठ्या शर्यतींतही असंच होतं. शेवटच्या क्षणी मात्र जो तो आपापला.

दोघं सुटले तेव्हा मागच्यांपासून जेमतेम पाऊण मिनिट पुढे होते. पण मागे खरंच कुणी पुढे होईना. सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. जालन्याच्या वेशीवर दोघंच आले, आणि शेवटच्या शंभर पावलांत भोकरदनचा पोरगा अर्ध्या चाकानं पुढे गेला. नवी सायकल त्याला मिळाली. घड्याळही त्यालाच.

दादा दुसरा आला. २५१ रुपयांत त्यानं दोन टायर बदलले आणि मागच्या कॅरिअरला जाड गादी शिवून घेतली. बहिणीची शाळा दिवाळीनंतरही चालू राहिली, डबलसीट. मावशीनं एकदा विषय काढला, तेव्हा दादा म्हणाला, "तिला ओढून ओढूनच तर मी दुसरा आलो. आता सोडू का?" पुन्हा त्या घरात तो विषय निघाला नाही.

पुढे मोठा झाल्यावर मी परदेशातल्या शर्यती टीव्हीवर बघायला लागलो. तिथे काही वेळा सगळ्या जाणकारांची भाकितं कोसळतात. आणि का कोसळली, हे शोधण्यातच खरी गोडी आहे. दोन गोष्टी सांगतो.

२०२० च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. उरली होती एकट्यानं घड्याळाशी लढायची शर्यत, शेवटी खडा चढ असलेली. रोग्लिच अशा शर्यतींत तरबेज, त्यामुळे निकाल लागल्यातच जमा होता. पण त्याच्याच देशाचा एकवीस वर्षांचा ताडेज पोगाचर असा काही चढला, की अख्खी टूर ५९ सेकंदांनी जिंकला! एकट्याच्या शर्यतीत वारा वाटून घ्यायला कुणी नसतं, चढावर तर लपायलाही जागा नसते. तिथे त्या दिवसाची ताकद उघडी पडते.

दुसरी गोष्ट टोकियो ऑलिंपिकची, २५ जुलै २०२१ ची. महिलांची १३७ किलोमीटरची डोंगराळ शर्यत. नेदरलँड्सच्या चार बलाढ्य स्वार होत्या, सगळी भाकितं त्यांच्याच बाजूनं. ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर एकटीच आली होती. संघ नाही, व्यावसायिक करार नाही. गणितात डॉक्टरेट मिळवलेली बाई! शर्यत सुरू झाल्याबरोबर ती चौघींसोबत पुढे सुटली. शेवटचे ४० किलोमीटर उरले असताना तिनं सोबतिणींनाही मागे टाकलं. ऑलिंपिकमध्ये स्वारांच्या कानात रेडिओ नसतो. मागच्या थव्यानं पुढे गेलेल्या दोघींना गाठलं आणि त्यांना वाटलं, झालं, सगळ्या सापडल्या! डच स्वार ॲनेमीक फान फ्ल्युटन हिनं शेवटची रेषा ओलांडताना विजयाचे हात उंचावले. पण कीझेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती. शापात यांचा ठोकताळा थवा पाठलाग करतोय असं धरून चालतो. ज्यांना पुढे कुणी आहे हेच ठाऊक नाही, ते पाठलाग कसला करणार? राजूरच्या रस्त्यावर ती नऊ पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली होती. कारण वेगळं, पण फळ तेच.

तेव्हा मित्रांनो, आता तुमची पाळी. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या घाटरस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. आता घाटातल्या शर्यती बघायला परदेशी वाहिन्यांचीच वाट बघायला नको. पुढची शर्यत असेल, तेव्हा एक वही घ्या आणि सुरू व्हायच्या आधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. चढ रस्त्यात कुठे आहे? माथ्यापासून शेवट किती दूर आहे? वारा कुठून आहे? कुणाला नेमकं काय हवं आहे? आणि मागचे एकजुटीनं पाठलाग करतील का?

यातला चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड. नकाशात चढ दिसतो, हवामानाच्या बातमीत वारा कळतो, पण कुणाला काय हवंय, ते माणसाकडे बघूनच ओळखावं लागतं. त्यासाठी वेळ काढा.

आणि हो, भाकीत चुकलं तर पान फाडू नका. शेजारी लाल शाईनं कारण लिहा. वर्षभरात लाल शाईची पानं कमी होतात का बघा, आणि आम्हालाही कळवा.