आक्काचं मेज

देवापुढं कसं उभं राहायचं, हे मी आक्काकडून शिकले. पाळकसाहेबांचे उपदेश ऐकले, शब्बाथशाळेत पाठांतरं केली, पुढं नर्सिंगच्या होस्टेलवर सकाळची उपासनाही चुकवली नाही. त्या सगळ्याचा उपयोग झालाच, पण देवाचा धाक आणि देवाची ओढ एकाच माणसात सुखानं नांदू शकतात हे मी पाहिलं ते तिच्यात. ती माझी सख्खी कुणी नव्हती. लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि मिशनच्या बायबलबाईनं शिकवलेली अक्षरओळख एवढीच तिची मिळकत. अख्खी मंडळी तिला आक्का म्हणायची.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं, 1831 मध्ये नगरला पोहोचलं आणि तिथून हळूहळू आमच्यासारख्या खेड्यांत. ज्यांनी त्याचं ऐकलं त्यांतले बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. देवळाची पायरीसुद्धा ज्यांना बंद होती त्या माणसांनी चार भिंती उभारल्या, वर पत्रे टाकले आणि त्याला देवाचं घर म्हटलं. आक्का त्या घराचा उंबरठा रोज पुसायची. तिचा आजा वाटेत पाटील दिसला की बाजूला होऊन, कमरेत वाकून जोहार घालायचा. ते तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मला म्हणायची, “आपल्या माणसांनी लई जणांपुढं पाठ वाकवली पोरी. आता एकापुढंच वाकायचं. त्याच्यापुढं मात्र पुरतं वाकायचं, अर्धंमुर्धं नाही.”

बाप्तिस्मा घेतला म्हणून गावातली विटाळाची रीत संपली नव्हती. विहिरीवरचा अपमान होता तिथंच होता. पण रविवारी गुडघे टेकणारी ही बाई सोमवारी सावकाराच्या ओट्यासमोर ताठ उभी राहून हिशोब विचारायची, तेव्हा मला कळायचं की तिचं गुडघे टेकणं आणि तिचं ताठ उभं राहणं यांचं मूळ एकच आहे. देवाचं भय माणसाला दबवतं असं पुष्कळ शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी आक्काला पाहायला हवं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे आणि मेज लावायचं काम तिच्याकडं. आदल्या संध्याकाळी ती मला बोलावून घ्यायची. आधी हात कोपरापर्यंत धुवायचे, मग डोक्यावरून पदर घ्यायचा. मला पदर नव्हता, तर ती स्वतःचा रुमाल बांधायची. काळ्या मनुका ताटात पसरून देठ आणि खडे निवडायचे, मग त्या धुवायच्या आणि पाण्यात भिजत टाकायच्या. त्या फुगल्या की मंद आचेवर उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळताना ती घाई करायची नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबायची, मग चोथा अंगणातल्या तुळशीएवढ्या लिंबाच्या रोपाला घालायची. उकिरड्यावर कधी टाकला नाही. काचेच्या छोट्या पेल्या एकेक उजेडात धरून बघायची. मी म्हणायचे, “आक्का, चर्चमध्ये कंदील असतो, डाग कुणाला दिसणार?” ती उत्तर द्यायची नाही, पेली पुन्हा पुसायची.

काम करताना ती गप्प बसायची असं मात्र नाही. गाणी म्हणायची, पिकापाण्याचं बोलायची. एकच बंधन होतं: कुणाची चहाडी करायची नाही. उद्या ज्या मेजाशी सगळे येणार, त्याची तयारी करताना त्यातल्या एकाचंही वाईट तोंडातून जाता कामा नये.

एका शनिवारी मनुका भिजत घातल्या आणि ती तशीच बसून राहिली. पाण्याच्या पाळीवरून तिचं आणि तिच्या जावेचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बोलणं बंद होतं. थोड्या वेळानं उठली, कंदील घेतला आणि मला म्हणाली, “चल.” वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसानं ते तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असं येशूनं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय. मी ते शब्बाथशाळेत पाठ केलं होतं आणि त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं. आक्का ते करायला निघाली होती. अंधारात बांधाबांधानं आम्ही गेलो. जाऊ दार उघडून उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. आक्का उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “पाळी तुझी होती. मी चुकले. उद्या मेजाशी येशील ना?” जाऊ बराच वेळ काही बोलली नाही. मग आत जाऊन तिनं गुळाचा खडा आणि पाणी आणलं. परत येऊन आक्कानं चूल पेटवली आणि मनुका उकळत ठेवल्या. पवित्र देवापुढं जायचं म्हणजे काय, यावर मी नंतर पुष्कळ वाचलं आणि ऐकलं. त्या रात्रीच्या चालण्यापलीकडं जाणारं फारसं काही सापडलं नाही.

1972 चा दुष्काळ आला. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आम्हा मुलांना सुकडी मिळत होती. विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरावं लागे. मेजावरची पांढरी चादर दर महिन्याला धुवायची हा आक्काचा नेम. त्या महिन्यात तिनं पाणी राखून ठेवलंही होतं. पण शेजारची आंधळी म्हातारी तापानं फणफणली होती, तो हंडा तिच्याकडं गेला. रविवारी चादर तशीच उलटी करून घातली. मी कडेच्या डागाकडं बघत होते. तिच्या ते ध्यानात आलं. “त्याला डाग दिसतो,” ती म्हणाली, “पण म्हातारी आधी दिसती.” पेल्या उजेडात धरून तपासणारी बाई हे म्हणाली, म्हणून त्याला वजन होतं. निष्काळजी माणसानं म्हटलं असतं तर ती पळवाट ठरली असती.

पवित्र शास्त्र जमिनीवर ठेवलेलं तिला खपायचं नाही. रागवायची नाही, पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायची. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा भाषेत. केडगावच्या मुक्ती सदनातल्या मुलींनी आणि बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. “ज्यांना घरच्यांनी टाकलं, त्यांच्या हातांनी ही अक्षरं लागली,” आक्का म्हणायची. तिचं सांगणं एवढंच, आणि आम्ही पुस्तक उचलून फळीवर ठेवायचो.

हल्ली उपासनेत कीबोर्ड आणि ड्रम आले म्हणून आदर संपला अशी तक्रार मी वयस्कर मंडळींकडून ऐकते. मला ती पटत नाही. आमच्या गावात डफ, मृदंग आणि टाळांच्या गजरात टिळकांची पदं म्हटली जायची, भजन रात्रभर चालायचं, पत्रे दणाणायचे. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला आमच्या मातीतल्या सुरांत आणलं, त्याचं ऋण सगळ्या मराठी मंडळीवर आहे. आवाजानं देवाचा मान जात नाही. माझ्या मनाला टोचतं ते वेगळं आहे. प्रार्थनेत आम्ही मागण्यांची यादी वाचतो आणि उठतो. ज्याच्याकडं मागतो तो कोण, इकडं ध्यान नसतं. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी येते, पण त्याआधी देवाच्या नावाच्या पावित्र्याची येते. हा क्रम आक्का मोडत नसे. तिची प्रार्थना सुरू झाली की पहिला बराच वेळ ती काही मागायचीच नाही, नुसते उपकार आठवायची. आम्ही मुलं कंटाळायचो, तरी डोळे उघडायची हिंमत होत नसे. आणि ती हिंमत न होणं तिच्या धाकामुळं नव्हतं.

मी नर्स झाले, पुण्यात आयुष्य गेलं. वॉर्डात माणूस गेला की बॉडी पॅक करायची असते. नाकाकानात कापूस, हनुवटीला पट्टी, पायाचे अंगठे बांधायचे, वर चादर. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट असतील तर ते काम भराभर उरकलं जातं, त्यात कुणाला दोष देता येत नाही. मी मात्र हात कोपरापर्यंत धुवूनच सुरुवात करायचे. आधी अंग कोमट पाण्यानं पुसायचे, केस विंचरायचे, पेशंटला नावानं हाक मारून सांगायचे की आता कूस वळवते. नव्या मुली विचारायच्या, “सिस्टर, त्यांना काय कळतंय आता?” मी त्यांना उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं सांगायचे, की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. ख्रिस्ती नसलेल्या मुलींनाही ते पटायचं. कित्येकींनी पुढं स्वतःहून तसंच केलं. हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकानं शिकवलं नव्हतं. गाळणीचं फडकं शेवटच्या थेंबापर्यंत धरून ठेवणारे हात मी पाहिले होते.

आक्का गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते, माती झाल्यावर पोहोचले. तिला आंघोळ तिच्या जावेनं घातली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. मेज लावायचं काम आता कुणाकडं द्यायचं यावर मंडळीच्या पंचांची बैठक बसली. पाळकसाहेबांनी नगरहून तयार द्राक्षरसाच्या बाटल्या आणायचं सुचवलं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. पण बैठक संपायच्या आत तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी-तिघी पोरी पुढं आल्या आणि म्हणाल्या, मनुका आम्ही निवडू. जावेनं त्यांना चुलीसाठी आपलं घर दिलं.