अलंगचा किनारा

भावनगराहून दक्षिणेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर, खंबायतच्या आखाताच्या कांठीं, अलंग नांवाचें गांव आहे. पालिताण्याच्या यात्रेस जाणारे पुष्कळ लोक या बाजूस येतात. परंतु अलंगला जाण्याचें त्यांस कारण पडत नाहीं. येथें येणारे यात्रेकरू निराळेच. ते समुद्रावरून येतात आणि एकदां आले म्हणजे परत जात नाहींत. जगांतील निकामी झालेलीं जहाजें मोडण्याचा हा किनारा होय.

जगाच्या व्यापारांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल जलमार्गें जातो. आपल्या स्वयंपाकघरांत म्यानमारची तूर येते, मलेशियाचें पामतेल येतें. पण ज्या जहाजांतून हें सारें आलें त्याचें पुढें काय झालें, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. पंचवीस-तीस वर्षें खाऱ्या पाण्यांत काढल्यावर जहाज म्हातारें होतें. मग त्याची किंमत त्याच्या लोखंडाच्या वजनाइतकीच उरते.

अलंगला पहिलें जहाज १९८३ सालीं आलें. हीच जागा कां, याचें उत्तर समुद्रानेंच दिलें आहे. येथें भरती-ओहोटीच्या पाण्यांत सुमारें दहा मीटरांचें, म्हणजे तीन मजली वाड्याएवढें अंतर पडतें. आपल्या घरीं पंचांग उघडतात तें एकादशी-संकष्टी पाहण्यासाठीं. येथील व्यापारी अमावास्या-पौर्णिमा पाहतो ती उधाणासाठीं. उधाणाच्या भरतीस जहाज आपल्याच यंत्राच्या बळानें भरवेगानें किनाऱ्यावर चढतें आणि ओहोटी लागली कीं चिखलांत रुतून बसतें. मग मजूर गॅसच्या ज्योतीनें त्याचे तुकडे करूं लागतात. आंत जाण्यास परवाना लागतो व तो आमच्याजवळ नव्हता. आम्हांस दिसलीं तीं कुंपणावरून डोकावणारीं, पोट उघडें पडलेलीं धुडें.

अलंगचें दुसरें अंग पाहण्यास मात्र परवाना नको. त्रापजच्या फाट्यावरून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोहों बाजूंस कित्येक किलोमीटर वखारीच वखारी आहेत. एकींत नुसत्या खुर्च्या, दुसरींत पलंग व गाद्या, तिसरींत शंभर पानांचा स्वयंपाक होईल अशा शेगड्या नि पातेलीं. पितळी दिवे, जीवरक्षक होड्या, व्यायामाचीं यंत्रें, उतारूंच्या खोल्यांतील आरसे, आणि समुद्राचीं चित्रें! (जे अहोरात्र समुद्रावर राहतात त्यांना भिंतीवरही समुद्रच कां लागावा, हें आम्हांस कळलें नाहीं.) आमच्याबरोबरच्या मंडळींनीं नांगराची खूण असलेल्या चिनी मातीच्या सहा बशा निवडल्या. पाहुणचाराच्या पंगतीस त्या शोभतील यांत शंका नाहीं.

ही काटकसर आम्हांस परकी वाटली नाहीं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आणि फाटकीं धोतरें देऊन बोहारणीकडून पातेलें घेणाऱ्या आज्यांच्या घरांत आपण वाढलों. कांहींही वाया जाऊं द्यावयाचें नाहीं, हा त्यांचा नेम इतक्या कसोशीनें पाळणारें दुसरें गांव आमच्या पाहण्यांत नाहीं. मात्र आजी बोहारणीला लुगडें देई तेव्हां त्याच्या घडींत निखारा ठेवून देत नसे.

जुन्या जहाजांत तो निखारा असतो. आगीपासून बचाव म्हणून भिंतींत व नळांभोंवतीं ॲस्बेस्टॉस बसविलेलें असतें. त्याची धूळ छातींत गेल्यास रोग वीस-तीस वर्षांनींही डोकें वर काढतो, आणि तोंवर मजूर ओडिशांत किंवा बिहारांत आपल्या गांवीं परतलेला असतो. टाक्यांच्या तळाशीं तेलाचा गाळ असतो, वायु कोंडलेला असतो. ऑक्टोबर २०१२ मध्यें एका जहाजावर आग लागून सहा मजूर प्राणांस मुकले.

फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू युद्धनौका अलंगकडे निघाली असतां याच ॲस्बेस्टॉसवरून गवगवा झाला व फेब्रुवारी २००६ मध्यें तिला परत बोलावण्यांत आलें. पुढें ती इंग्लंडांत मोडली गेली. परंतु त्याच वर्षीं, मूळ ‘फ्रान्स’ या नांवानें बांधलेली प्रचंड उतारू बोट नांवें बदलत ‘ब्लू लेडी’ होऊन अलंगला पोंचली. ती मोडण्यास सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं परवानगी दिली. युद्धनौकेची लाज सरकारला वाटली. जुन्या उतारू बोटीस असा वाली उरत नाहीं. म्हातारें जहाज मालक रोकड देणाऱ्या दलालास विकतो. दलाल त्याचें नांव पालटतो, निशाण पालटतो. शेवटच्या सफरींत पुष्कळदां कोमोरोससारख्या चिमुकल्या बेटांचा झेंडा त्यावर फडकतो. युरोपचे कडक नियम युरोपी झेंड्याच्या जहाजांना लागूं. तेव्हां झेंडा उतरविला कीं नियमही उतरले.

आपल्या देशानें २०१९ सालीं जहाज-मोडणीचा स्वतंत्र कायदा केला. २००९ मध्यें हाँगकाँग येथें ठरलेला आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून अमलांत आला आहे. अलंगच्या पुष्कळ व्यापाऱ्यांनीं फरसबंदी केली, याऱ्या आणल्या, मजुरांना शिक्षण दिलें. ही सुधारणा दिखाऊ नव्हे. तथापि तिचा खर्च किनाऱ्यावरील माणसानें सोसावा आणि पंचवीस वर्षें त्या जहाजाचा नफा खाणाऱ्यानें दलालाच्या हातीं तें देऊन मोकळें व्हावें, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. स्वस्त बशा घेणाऱ्या आम्हां गिऱ्हाइकांचाही यांत वांटा आहेच.

परततांना जाड पत्रे लादलेल्या मालमोटारी आमच्या पुढें धांवत होत्या. सिहोर-भावनगरकडील गिरण्यांत ते तापवून लाटले जातात. मागें समुद्रांत दोन जहाजें नांगर टाकून उभीं होतीं. अमावास्येला अद्याप चार दिवस होते.