कोरडा सांधा



नारायणगुड्यातील आमच्या मराठी उपासनेत गीताचा क्रमांक सांगितला की मागून हमखास आवाज येतो, "कितवं म्हणालात?" आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आता ऐकू कमी येते. म्हणून आम्ही काही जणांनी क्रमांक दाखवणारा एलईडी फलक घरीच करायला घेतला. शेवटच्या खुर्चीवरूनही वाचता येतील एवढे मोठे आकडे हवे होते. कोठीच्या गुजराती गल्लीतून सामान आणले आणि शनिवारच्या संध्याकाळी सोल्डरिंगला बसू लागलो.

एका अंकाला आठ ओळी आणि आठ स्तंभ, म्हणजे 64 दिवे. तीन अंकांचे 192. प्रत्येक दिव्याला दोन पाय, म्हणजे 384 सांधे नुसते दिव्यांचेच. ओळीतल्या आठही दिव्यांचा एकेक पाय एकाच तारेला जोडलेला असतो. सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत; एकीमागून एक इतक्या झपाट्याने पेटतात की डोळ्यांना अख्खा अंक स्थिर दिसतो.

चाचणीला 180 हा क्रमांक लावला, तर फलकावर 100 दिसले. मधल्या अंकाची बरोबर मधली ओळ अंधारात होती, म्हणून 8 चा 0 झाला होता. आठ दिवे जळाले असे वाटून कोणी ते उपटायला निघाले. आधी मीटर लावून पाहिले, तर आठही दिवे धडधाकट! त्या ओळीची तार जिथे सर्किटला जोडली होती, तो एकच सांधा कोरडा होता. वरून तो जोडलेलाच दिसत होता. पण सोल्डरचा थेंब थंड तारेवर नुसता बसला होता, तिला धरून नव्हता.

त्याला उपाय साधा आहे. सांध्याला थोडे फ्लक्स लावायचे आणि आयर्नचे टोक तार व तांबे दोन्हींना टेकवायचे. दोन्ही पुरेसे तापले की सोल्डर आपोआप पसरते. नुसते सोल्डर तापवून भागत नाही.

मंडळीतही एखादे घर असेच हळूहळू अंधारते. आमच्या एका काकांचे तसे झाले. काकू प्रभूकडे गेल्या, आणि काका शेवटच्या खुर्चीत बसून आशीर्वादाआधीच उठू लागले. पुढे मुलगा-सूनही येईनात, नातवंडेही दिसेनाशी झाली. "त्या घराचा विश्वास थंडावला," असे बोलले जाऊ लागले. पण विश्वास शाबूत होता. सांधा सुटला होता. दारातली "कसे आहात?" ही चौकशी म्हणजे थंड तारेवरचा थेंब. त्यांच्या घरी जाऊन, चहा घेत, काकूंच्या आठवणी तासभर ऐकल्या, तेव्हा कुठे ऊब दोन्हीकडे पोहोचली. काका आजही शेवटच्याच खुर्चीत बसतात, पण आशीर्वाद घेऊन जातात. मागच्या रविवारी धाकटी नात सोबत होती.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात मंडळीला एक शरीर म्हटले आहे. एका अवयवाचे दुःख ते सगळ्यांचे. आमच्या फलकाने तेच दाखवले. एक सांधा सुटला, तर आठ दिवे विझतात आणि सगळी मंडळी चुकीचे गीत उघडते.

या आठवड्यात आपल्या मंडळीतली अंधारलेली ओळ कोणती, ते पाहू या. त्या घरी जाऊ या, आणि "उपासनेला का येत नाही?" हा प्रश्न बाहेर ठेवून जाऊ या.

हे प्रभू, आम्हांला वेळ काढून बसायला शिकव. आमेन.