गेटपासच्या अलीकडे

संशोधनासाठी मावळात कामशेतच्या आसपास जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत गेलं की गुरुजी आधी चहा सांगतात, मग हजेरीपट पुढे सरकवतात. ‘आलाच आहात तर मुलांशी दोन शब्द बोला,’ एवढीच त्यांची अट. त्याच तालुक्यातल्या एका महागड्या निवासी शाळेच्या फाटकातून आत जायला मात्र विद्यापीठाचं पत्र, मार्गदर्शकांचा फोन आणि ओळखीतल्या एका विश्वस्तांची चिठ्ठी, एवढं सगळं लागलं. फाटकावरचा रखवालदार मावळातलाच. त्यानं मोबाइलवर माझा फोटो काढला, आडनाव ऐकून गाव विचारलं आणि ‘ताई, सावलीत थांबा’ म्हणाला.

खरी पंचाईत आत गेल्यावर. बॅटरीच्या गाडीतून तलाव, घोड्यांचा तबेला, ग्रंथालय सगळं दाखवलं. मुख्याध्यापकांच्या मुलाखतीत जनसंपर्काच्या बाई शेजारी बसून होत्या. प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि प्रत्येक उत्तर मी माहितीपत्रकात आधीच वाचलेलं होतं. नकार दिला असता तर निदान नकार तरी वहीत लिहिता आला असता.

अभ्यासक गरिबांच्याच वस्त्या का धुंडाळतात, सत्ता ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारात का जात नाहीत, असं मानववंशशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी 1972 मध्येच विचारलं होतं. कारण उघड आहे, ते आत घेत नाहीत. अमेरिकेतल्या सेंट पॉल्स शाळेवर 2011 मध्ये पुस्तक लिहिणारे शेमस खान त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. अभ्यासासाठी ते तिथं शिक्षक म्हणून गेले. मी तळेगावच्या मराठी शाळेतली. मला मागचं दार कुठलं?

मग कागदांच्या मागे लागले. विनाअनुदानित खासगी शाळा माहिती अधिकाराच्या कक्षेत सहसा येत नाही, पण तिची जी माहिती सरकारी कचेरीत असते ती मागता येते. जमिनीचा सातबारा आणि फेरफार तालुक्याच्या कचेरीत, वडगावला मिळतात. संस्थेचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे असतात. न्यास मुंबईचा असेल तर वरळीची वारी. यातून जमीन कुणाची होती आणि कधी विकली गेली ते कळतं. आईबाप दहा वर्षांचं पोर इतक्या लांब का ठेवतात, ते फेरफारात नसतं. (तळेगावचं समर्थ विद्यालय इंग्रजांनी 1910 मध्ये बंद पाडलं, त्याच्याबद्दल मला या चालू शाळेपेक्षा जास्त वाचायला मिळालं.)

माझा संमतीपत्राचा नमुना एकच होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पालकांनी ‘कुठं करू सही?’ एवढंच विचारलं. निवासी शाळेकडून तोच कागद वकिलाच्या लाल खुणांसह परत आला: ध्वनिमुद्रण कुठं ठेवणार, किती वर्षं ठेवणार, छापण्याआधी मजकूर दाखवणार का. चिडून मी आमची संशोधन-नीतीची पुस्तिका काढली. वकिलाची एकही मागणी तिच्या बाहेरची नव्हती. शाळा लपवाछपवी करते असं म्हणायची सोयच उरली नाही. जे हक्क मी सगळ्यांना देत होते, ते वापरणारे तेवढेच होते.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या एका बंगल्यात त्या शाळेतल्या मुलाची आई भेटली. मोकळी बाई. तिनंच मला जास्त प्रश्न विचारले: मुलगी कितवीत, कुठल्या शाळेत, पुढं काय ठरवलंय. मुलाखतीचा मजकूर पाठवल्यावर चार दिवसांत तो निम्मा होऊन आला, सोबत गोड शब्दांत आभार. काय गाळलं ते अर्थातच इथं लिहिता येत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला त्याचं बोलणं परत वाचून दाखवायला लागले. त्याच शाळेच्या भोजनगृहात पोळ्या करणाऱ्या मावशींना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. नाव मी बदललं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘नाव बदलून काय होतंय ताई? गाव काढा. आमच्या गावातनं तिथं कामाला जाणारी एकटी मीच हाय.’

गाव काढलं. मग त्यांनी बसची वेळही काढायला लावली. त्या वेळेच्या एसटीला त्यांच्याशिवाय कुणी चढत नाही.