नंबर वाचण्याआधी लोखंड वाचावं

१९९४ पासून रणगाडा संग्रहालय जपणाऱ्या अहिल्यानगरात जुन्या लष्करी गाड्यांचं कौतुक नवं नाही. माझ्याकडे तपासायला येतात त्याही बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या जीप. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: ‘इंजिन नंबर ओरिजिनल आहे ना?’

मी आधी नंबर वाचतच नाही. ऑइल फिल्टरजवळ ब्लॉकवर नंबरासाठी सपाट उंचवटा असतो. तो रॉकेलच्या फडक्यानं पुसतो आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडतो. पॉलिश पेपर तिथं लावू देत नाही, कारण त्यानं पुरावाच घासला जातो. कारखान्यात हा उंचवटा मशिनवर सपाट करताना कटरचे बारीक ओरखडे उमटतात आणि आकड्यांचा पंच त्यानंतर बसतो. ओरखडे आकड्याच्या काठापर्यंत येऊन तुटले असतील, तर जीव निवांत होतो. ग्राइंडरच्या गोल रेघा दिसल्या किंवा जागा खोलगट लागली, की आधीचा नंबर उडवल्याचा संशय पक्का होतो. ओळ थोडी वाकडी असेल तर मी बिचकत नाही, हातानं ठोकलेले आकडे असेच बसतात. आकड्यांचं वळण मात्र त्या कारखान्याचं हवं.

ही जीप विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवली. विलिसच्या इंजिनावर नंबराआधी ‘एमबी’ असतं, फोर्डच्या इंजिनावर ‘जीपीडब्ल्यू’. फोर्डमध्ये चेसिसच्या डाव्या दांडीवरचा नंबर आणि इंजिनचा नंबर कारखान्यातूनच एक असे. विलिसचे दोन्ही वेगवेगळे असत. हे ठाऊक नसलेला माणूस विलिसचे नंबर ‘जुळवून’ पंच करतो आणि खरी गाडी खोटी करून ठेवतो.

फोर्डमध्येही आज जुळणी क्वचितच सापडते. लष्करी वर्कशॉपात इंजिनं उतरत, दुरुस्त होत आणि दुसऱ्याच गाडीत चढत. न जुळणारा नंबर म्हणजे गाडीनं केलेल्या नोकरीचा दाखला.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला नव्या नोंदणीत ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. त्यासाठी इंजिनात आणि चेसिसमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. म्हणून जुळता नंबर पंच करून घ्यायचा मोह होतो. आरसी बुक आणि ब्लॉक जुळत नसतील, तर आरटीओत जाऊन खरं काय ते सांगावं.

अहवालात मी ‘इंजिन बदललेलं, नंबर अस्सल’ असं लिहिलं की काही मालक हिरमुसतात. त्यांना मी सांगतो, पुढच्या गिऱ्हाइकासमोर हे वाक्य ताठ मानेनं ठेवा. एकदा ग्राइंडर फिरला, की तुमच्या गाडीबद्दल ते कुणालाच लिहिता येणार नाही.